रक्ताचा दाखला

रहस्यकथा म्हंजे फावल्या वेळचा चिवडा, असं आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते समजतात. मी नाही समजत. मिळकत कुणाची, वारस कोण आणि मुडदा कुणी पाडला, हे तीन प्रश्न घेऊनच बहुतेक रहस्यकथा उभ्या राहतात. हे तिन्ही प्रश्न आपल्या वस्तीतलेही आहेत. म्हणून जोसेफिन टे या बाईंची १९४९ सालची 'ब्रॅट फॅरर' ही इंग्रजी कादंबरी आपल्या पोरांनी वाचावी असं मी म्हणतो. वाचावी आणि तिच्याशी भांडावं. भांडायचं तर रहस्य फोडावं लागेल, त्याला इलाज नाही.

इंग्लंडातलं समुद्राजवळचं खेडं. तिथं लॅचेट्स ही अ‍ॅश्बी घराण्याची पिढीजात शेतीवाडी. भाऊ-भावजय विमानाच्या अपघातात गेले, मागं पाच पोरं राहिली. बी नावाची बिनलग्नाची आत्या पदर खोचून उभी राहिली. घोडे पाळायचे, तयार करायचे, विकायचे, लोकांना घोड्यावर बसायला शिकवायचं, असं करत आठ वर्षं तिनं हा सगळा बारदाना हाकला. शेजारचं बडं घराणं बुडालं, हे घर एका बाईच्या कष्टावर तरलं.

पण मालक कोण? जुळ्यांतला काही मिनिटं आधी जन्मलेला पॅट्रिक. तो तेराव्या वर्षी नाहीसा झाला. कड्यावर त्याचा कोट सापडला, चिठ्ठी सापडली, आत्महत्या ठरली. मग मालक कोण? दुसरा जुळा सायमन, वयाला एकवीस पुरी झाली की. राबलेली बाई दोन्ही हिशेबांत कुठंच नाही. काही मिनिटं आधी जन्मल्यानं जे मिळतं, ते आठ वर्षांच्या घामाला मिळत नाही. टेबाईंना ही आत्या मनापासून आवडते, तिच्या शहाणपणाचं त्या कौतुक करतात. पण तिच्या हक्काचा प्रश्न काही विचारत नाहीत. हिंदू कोड बिल रखडवलं, हे एक मोठं कारण देऊन बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. त्यांच्या लेकरांनी तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि लोहार, मोतद्दार, गडी? ते साक्षीपुरते येतात नि जातात.

आता ब्रॅट. अनाथालयाच्या दारात सोडलेलं पोर. अमेरिकेत घोड्यांत राबून कसब कमावलेलं, एका पायानं लंगडं झालेलं. लोडिंग नावाचा एक नट त्याला लंडनच्या रस्त्यात बघतो. चेहरा हुबेहूब अ‍ॅश्बी! पैशाच्या बोलीवर नट त्याला पढवतो आणि पॅट्रिक म्हणून घरी धाडतो. घर त्याला आपलं म्हणतं. सायमनला मात्र पक्कं ठाऊक असतं, की हा पॅट्रिक नव्हे. इतकी खात्री कुणाला असणार? ज्यानं पॅट्रिकला मारलं त्यालाच. तोतयाच्या हे ध्यानात येतं.

इथं कादंबरी खरी मोठी होते. ब्रॅटनं तोंड मिटून घेतलं तर इस्टेट त्याचीच आहे. तरी कधी न पाहिलेल्या एका पोराच्या खुनाचा न्याय लागावा म्हणून तो सगळं घालवायला तयार होतो. खुनी खानदानी, आणि न्याय मागणारा चोर!

आणि इथंच टेबाई कच खातात. शेवटी निघतं काय, तर ब्रॅट हा अ‍ॅश्बींच्याच चुलत घरातल्या वॉल्टरचं अनौरस पोर. म्हंजे चेहरा रक्ताचा आणि घोड्यावरचा हातही रक्ताचा. अमेरिकेतले कष्ट गेले पाण्यात. कुणी म्हणेल, सायमनही त्याच रक्ताचा आहे की! आहे ना. पण खुन्याचा दोष त्याच्या एकट्याचा आणि तोतयाच्या गुणाला मात्र घराण्याची पावती, हा हिशेब आपल्या चांगला ओळखीचा आहे.

असलं आपल्याकडंही आहे. सूतपुत्र कर्ण पराक्रमी निघाला, तर त्याच्यामागं कुंती उभी केली. एकलव्याला अशी कुणी मिळाली नाही, त्याचा अंगठा गेला. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला नायकही एका अर्थी तोतयाच. जात लपवतो, उघडा पडतो, मार खातो. पण बागुलांनी शेवटी त्याला वरच्या जातीचा बाप काढून दिला नाही. म्हणून ती कथा टेबाईंच्या कादंबरीपेक्षा जास्त खरी.

इंग्लंडात असा तोतया प्रत्यक्ष झाला होता. आर्थर ऑर्टन, लंडनमधल्या वॅपिंगच्या खाटकाचा पोर. १८६६ साली ऑस्ट्रेलियातून येऊन तो म्हणाला, बुडून मेला म्हणता तो सर रॉजर टिचबोर्न मीच. कष्टकरी माणसं हजारोंनी त्याच्या पाठीशी उभी राहिली. घराण्याचा जुना नोकर अँड्र्यू बोगल, जमैकात गुलाम म्हणून जन्मलेला काळा माणूस, यानंही त्याच्या बाजूनं साक्ष दिली. १८७४ साली ऑर्टनला चौदा वर्षांची सजा झाली. इतिहासानं तोतयाला तुरुंग दिला, कादंबरीनं रक्त दिलं. गुन्हेगार नसलेला, कुणाच्याच रक्ताचा नसलेला, तरी माणूस म्हणून उभा राहणारा ब्रॅट दोघांनाही परवडला नाही.

दोस्तहो, तो ब्रॅट आपण लिहायचा आहे. आपल्या गावांत गायरानाची भांडणं आहेत, हातची गेलेली वतनं आहेत, विहिरीत सापडलेली आणि आत्महत्या ठरवलेली प्रेतं आहेत. सारं शेत हाकूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाया आहेत. रहस्यांना तोटा नाही. लिहा. फक्त शेवटच्या पानावर कुणाच्या हातात रक्ताचा दाखला देऊ नका.