घरबसल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि चंद्रपूरचा उन्हाळा

विषय जाहीर झाल्यावर एकानं आम्हाला अडवून विचारलं, "नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.टेक. करावं की नाही, तेवढं सांगा." करावं. पण पैसे भरण्याआधी या अभ्यासक्रमांत काय शिकवतात आणि काय गाळतात, हे बघून घ्यावं. आज त्याबद्दलच बोलू.

आधी चांगलं ते सांगतो. एनपीटीईएलवर आयआयटी मुंबईच्या प्रा. बी. जी. फर्नांडिस यांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवरची व्याख्यानं आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस त्यातली तीच दहा मिनिटं तीनदा ऐकू शकतो. पस्तिशीत वर्गात बसून तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटते हो! कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या एरिक्सन आणि मॅक्सिमोविच यांचा कोर्सेरावरचा अभ्यासक्रमही आम्हाला आवडला. इंडक्टरवरच्या व्होल्टेजची एका आवर्तनातली सरासरी शून्य असते, इथून ते सुरुवात करतात आणि त्या एका गोष्टीवरून बक, बूस्ट भराभर सुटत जातात. तिथल्या एम.एस.ला प्रवेशही सुरुवातीचे कोर्स नीट पास करून मिळतो. ज्यांच्या जुन्या मार्कशीट बघण्यासारख्या नाहीत, त्यांना हा दिलासाच आहे.

आता तक्रार. या कोर्समध्ये आपण डिझाइन करतो तो कन्व्हर्टर साधारण काहीशे वॅटचा, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा. आणि आपल्या गावात काय आहे? चंद्रपूर ते पडघे ही ±५०० केव्हीची, १५०० मेगावॅटची एचव्हीडीसी लाइन १९९९ पासून उभी आहे. लांबी ७५२ किलोमीटर. भद्रावतीला ५०० मेगावॅटचे दोन बॅक-टू-बॅक संच आहेत. पश्चिम आणि दक्षिण ग्रिड वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालत होते, तेव्हा त्यांच्यात वीज इकडून तिकडे नेण्यासाठी ते बसवले. दोन्हीकडे थायरिस्टर. थायरिस्टर गेटनं चालू करता येतो, पण बंद व्हायला करंट शून्यावर यावा लागतो. म्हणून त्याला समोर भक्कम एसी ग्रिड लागतं, तो रिअॅक्टिव्ह पॉवर भरपूर खातो, अकराव्या-तेराव्या हार्मोनिकसाठी फिल्टर लागतात आणि ग्रिडला धक्का बसला की कम्युटेशन चुकतं. आम्ही पाहिलेल्या कोर्समध्ये हे सगळं शेवटच्या आठवड्यात उरकलेलं असतं.

कोणी म्हणेल, ते जुनं झालं. पुगलूर–त्रिशूर लाइन व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टरवर आहे, हे खरं. पण त्याच सुमारास छत्तीसगडमधल्या रायगढहून पुगलूरला जाणारी ६००० मेगावॅटची लाइन झाली, ती थायरिस्टरवरच!

आम्हाला याहून जास्त खटकतं ते तापमान. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा करंट २५ अंशांचा असतो आणि गृहपाठाची गणितंही तिथूनच सुटतात. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात. आता गडचिरोलीतल्या शेतात पाच एचपीचा सौरपंप धरा. कंट्रोलरची कार्यक्षमता ९६ टक्के म्हणजे कोर्समध्ये पैकीच्या पैकी मार्क. पण ३.७ किलोवॅटवर उरलेले चार टक्के म्हणजे दीडशे वॅट उष्णता बंद पेटीत अडकते आणि ती सगळ्यात जास्त होते भर दुपारी, बाहेरचं ऊनही सगळ्यात कडक असतं तेव्हा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा आपल्याला तोंडपाठ आहे. त्यावर एक तरी गृहपाठ? आम्हाला सापडला नाही. हीटसिंकवर कोळशाची धूळ बसली की थर्मल रेझिस्टन्सचं काय होतं, हे सिम्युलेशनमध्ये कोणी भरत नाही. तिथला स्विच आदर्श असतो. तो कधी तापत नाही, कधी फुटत नाही.

मग प्रत्यक्ष काम शिकवायचं कोणी? इथे कायदा आडवा येतो. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीनं दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कडक निकाल दिला. ज्यांनी त्या पदवीवर बढती घेतली होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढे युजीसीच्या २०२० च्या नियमांतही अभियांत्रिकी दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांतून वगळलेली आहे. आयआयटी स्वतःच्या कायद्याखाली येतात, त्यांना हे नियम लागत नाहीत. म्हणजे कानपूरहून ऑनलाइन पदवी मिळू शकते, पण याच दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये निघालेलं गोंडवाना विद्यापीठ ती देऊ शकत नाही. नियमामागची भीती आम्हाला पटते. प्रयोगशाळा न बघता अभियंता झालेला माणूस आम्हालाही स्विचयार्डात नको. पण दहा वर्षं स्विचयार्डात काढलेल्या माणसाला त्याच तराजूत कशाला तोलायचं?

आमची मागणी साधी आहे. आयआयटीनं व्याख्यानं ऑनलाइन द्यावीत. प्रयोगाचे क्रेडिट मात्र विद्यार्थ्याच्या कामाच्या जागी, वरिष्ठांच्या देखरेखीत केलेल्या मोजमापांवर द्यावेत आणि महिन्यातला एक रविवार चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये ठेवावा. पहिला प्रयोग आम्ही सुचवतो: मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, चालू ड्राइव्हच्या हीटसिंकचं तापमान आधी धुळीसकट घ्यायचं आणि मग साफ करून पुन्हा घ्यायचं. आकडे वहीत लिहून आणायचे.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागून कोणीतरी हात वर केला होता.