क्रिस्तपुराणाची लिपि आणि लॅटिन धर्मसत्ता

नांदेड-लातूरकडील जुनीं बाडें चाळणाऱ्या संग्राहकांची दृष्टि देवनागरी व मोडी यांस सरावलेली असते. रोमन अक्षरांतील मराठी ग्रंथ त्यांस सहसा परका वाटतो. फादर स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाविषयीं हा ग्रह सोडावा, असें आमचें मत आहे.

हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यांत आला. त्याचा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ सालीं रायतूर (राचोल) येथें रोमन लिपींत छापिला गेला. ती लिपि मुद्रणालयाची सोय होय, काव्याचा स्वभाव नव्हे. ओवी तर आपल्या संतांचीच आहे. मात्र ज्या लॅटिन धर्मसत्तेनें गोव्यांतील देवळें पाडविलीं, तिच्याच छत्राखालीं ही रचना झाली, आणि पोर्तुगीज सरकारनें १६८४ सालीं लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली, हेंही विसरतां येत नाहीं.

सतराव्या शतकांतील छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. सलढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ति रोमन लिपींत आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील हस्तलिखित देवनागरींत आहे. रोमन पाठांतील कित्येक पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागीं हस्तलिखितांत संस्कृत शब्द येतात. त्यावरून कोणी तें मूळ मानितात, कोणी मागाहून संस्कारिलेलें. आमच्या मतें संस्कृत शब्द प्राचीनतेचें प्रमाण नव्हे, व लॅटिन शब्द परकेपणाचें नव्हे. निर्णय पाठभेदांनींच व्हावा. म्हणून रोमन अक्षरांतील मराठी कागद हातीं आल्यास तो वेगळा न टाकतां वाचून पाहावा.