सभा गेली, समुद्र आलाच नाही

मंडळी, आजचा विषय किनाऱ्यावरच्या नगरपंचायतींचा आहे, पण सुरुवात नाटकापासून करतो. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. १९८० साली आलेल्या या मालवणी नाटकाचे हजारो प्रयोग झाले. त्यातला मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आठवा. (हशा) बघा, नाव घेतलं तरी हसू येतं. या नाटकाबद्दल बोलताना आपण बोलीचं आणि विनोदाचं कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या सरपंचात आणखी एक गोष्ट दिसते. तो गावाच्या हाताशी आहे. गाव त्याच्या तोंडावर बोलतं आणि त्याला ते ऐकून घ्यावं लागतं. आपलं हसू त्या जवळिकीतून येतं. मुख्याधिकाऱ्यावर असं नाटक लिहून बघा, जमणार नाही. तो बदलीवर आलेला असतो आणि बदलीवर जातो.

आता देवगडला चला. खाली बंदर, मासेमारीचं गाव. वर जामसंडे, आंबा बागायतीचं. गेल्या दशकात या दोघांची मिळून देवगड-जामसंडे नगरपंचायत झाली. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरचंही तसंच झालं. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनं नगरपंचायतीची जी व्याख्या केली, ती ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमण होत असलेल्या क्षेत्राची. राज्यात त्यासाठी १९६५चा नगरपरिषदांचा कायदा लागू होतो. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक. निधी वाढतो, दिवाबत्ती येते, कचऱ्याची गाडी येते. हे सगळं खरं आहे आणि लोकांना ते हवंही होतं.

पण ज्या दिवशी ग्रामपंचायत गेली, त्या दिवशी ग्रामसभा गेली. याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. वर्षातून किमान चार वेळा गावातल्या प्रत्येक मतदाराला उठून विचारायचा जो हक्क होता, तो शहर झाल्याबरोबर संपला. नगरपंचायतीची सभा असते, पण ती नगरसेवकांची. तुम्ही आम्ही तिथे फार तर प्रेक्षक. कुणी म्हणेल, २००९ साली नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली आहे की. आहे ना! तुमच्या प्रभागात ती भरलेली तुम्ही पाहिली असेल तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा. (हशा)

ग्रामसभेचं मी उदात्तीकरण करत नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभा कोकणात काही कमी नाहीत. निम्मं गाव मुंबईला, ते येणार गणपतीला आणि शिमग्याला. शिवाय आपल्याकडे गावऱ्हाटी आहे. मानकरी देवळात बसून ठरवणार आणि ग्रामसभा त्यावर शिक्का मारणार, असंही पुष्कळ चालतं. त्या देवळातल्या बैठकीत बाई कुठे होती, बौद्धवाडीतला माणूस कुठे होता, हे विचारलं की गावऱ्हाटीचं कौतुक करणारे गप्प होतात. म्हणून तर कायद्यानं बांधलेली सभा महत्त्वाची. तिथे कुणाला बोलावलं नाही तर निदान तक्रार करता येत होती.

बदल्यात काय मिळालं, ते बघू. मच्छीमार गावाचा जगण्याचा प्रश्न समुद्रात आहे. कुणी कुठे, कोणत्या जाळ्यानं मासे धरायचे हे १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानं ठरतं, आणि तो राबवतो मत्स्यव्यवसाय विभाग. जेटी १९९६ साली स्थापन झालेल्या मेरीटाईम बोर्डाची. पुळणीची जमीन महसूल खात्याची. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आतलं बांधकाम सीआरझेडच्या नियमांत. मालवणपासून देवगडपर्यंत रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात इतकी वर्षं संघर्ष चालला. ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले. या सगळ्यात स्थानिक नगरपरिषदेला किंवा नगरपंचायतीला काय अधिकार होता? काहीही नाही. ठराव करून पाठवू शकतात, तो तर ग्रामसभाही करत होती. आणि ग्रामसभेच्या ठरावामागे सगळं गाव उभं असायचं.

रापण ही स्वतःच एक संस्था आहे, हे इथे सांगायला हवं. जाळं सामाईक, ओढणारे सगळे, आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीनं वाटे. भांडणंही तिथेच मिटवायची. स्थानिक स्वराज्यावरच्या आपल्या पुस्तकांत तिला जागा नाही, कारण ती कुठल्या कलमात बसत नाही.

या गावात नगरपंचायतीशी रोज गाठ पडते ती मासळी विकणाऱ्या बाईची. पुरुषाचं कामाचं ठिकाण हद्दीच्या बाहेर, समुद्रात. तिचं हद्दीच्या आत, मार्केटात. ओटा कुणाला मिळाला, पाणी आहे का, पावती कितीची फाडली, नवं मार्केट बांधताना जुन्या बसणाऱ्यांना कुठे हलवलं, हे सगळे तिचे प्रश्न. राज्यात २०११पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, त्यामुळे सभागृहात बायका आहेत. पण ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला सभा घेण्याची जी तरतूद आहे, ती नगरपंचायतीत नाही. म्हणजे जिला या कार्यालयाची सगळ्यांत जास्त गरज, तिच्याच हातून बोलायची जागा गेली.

वेंगुर्ल्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथल्या नगरपरिषदेनं कचरा वर्गीकरणाचं खरोखर नमुनेदार काम केलं, कचरा डेपोचं पर्यटनस्थळ केलं. पण त्या कामाचं नाव निघतं ते तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यासोबत. चांगला अधिकारी येणं हे नशीब झालं. २०२१च्या अखेरीस मालवण, वेंगुर्ल्याच्या परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासकच होता. तेव्हा तर नगरसेवकही नव्हते. ओट्याची तक्रार घेऊन त्या बाईनं कुणाच्या दारात जायचं होतं?

ग्रामसभेसारखी सर्व मतदारांची सभा नगरपंचायतीच्या कायद्यात सक्तीची करायला घटनेची आडकाठी नाही. राज्याच्या विधिमंडळाला ते करता येतं. संक्रमणातलं क्षेत्र असं नावच दिलंय, तर संक्रमण होईपर्यंत तरी गावाची सभा ठेवायला काय हरकत होती, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. इथे थांबतो, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही आधी बोला.