सरव्यावरची बंदूक

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात असताना पाखरे मारण्याच्या पुस्तकाविषयी लिहावे, हे काहींना अभद्र वाटेल. परंतु शिकारकथा आणि दिवाळी अंक यांचा घरोबा जुना आहे. मचाणावरची रात्र, झाडीत लकाकलेले दोन डोळे, हातात थरथरणारी बंदूक हे सारे आपण चकलीच्या तुकड्याबरोबर मिटक्या मारीत वाचले आहे. वाघाच्या शिकारीच्या पुस्तकाला भारदस्तपणा फुकटात मिळतो, कारण समोरचे जनावर उलटून अंगावर येऊ शकते. कबुतर काही उलटून येत नाही. म्हणून जो लेखक केवळ कबुतरांच्या शिकारीवर पुस्तक लिहितो, त्याला भीतीचे भांडवल नसते. त्याला आपला ग्रंथ डोळ्यांच्याच बळावर उभा करावा लागतो. इंग्रजीत असा एक ग्रंथ आहे. मेजर आर्ची कोट्स यांचा ‘पिजन शूटिंग’. तो १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही त्या विद्येचे लोक तो पोथीसारखा जपतात.

यातले कबुतर म्हणजे आपल्या देवळाच्या शिखरावर घुमणारा पारवा नव्हे. इंग्लंडचे रानकबुतर त्याहून चांगलेच थोराड असते. मानेच्या दोन्ही अंगांना पांढरा डाग आणि पंख पसरले की त्यांवर पांढरा पट्टा, ही त्याची खूण. घरटे झाडीत, चारा शेतात. ऑगस्टच्या सुमारास गहू आणि जव कापून नेले, की धसकटांमध्ये सांडलेल्या दाण्यांवर त्याचे थवे उतरतात. शिकारी कुंपणाच्या आडोशाला लपण करून बसतो आणि समोर खोटी कबुतरे मांडतो. आपले बुजगावणे पाखरांना ‘येऊ नका’ म्हणून दटावते. हे उलटे बुजगावणे ‘या, पंगत बसली आहे’ असे आवतण देते. ही खोटी कबुतरे मांडतानाही मधे थोडी जागा मोकळी ठेवतात. वरून येणाऱ्या पाखराला तो रिकामा पाट दिसतो, ते वाऱ्याकडे तोंड करून त्या जागी उतरू लागते, आणि बार होतो.

कोट्स यांचा हा पोटाचा उद्योग होता. हँपशायरमधल्या शेतकऱ्यांच्या पिकांवरची कबुतरे मारायची, मारलेली विकायची, आणि त्यावर संसार चालवायचा. १९६२ साली त्यांनी एका दिवसात ५५० कबुतरे पाडली. त्यांचे नाव निघाले की हा आकडा निघतोच, आणि माझ्या मते या आकड्याने त्यांच्या पुस्तकाचे नुकसानच केले आहे. कारण पुस्तकाचे खरे मोल मारण्यात नाही, मारण्यापूर्वीच्या टेहळणीत आहे. पाखरे कोणत्या रानातून निघतात, कोणत्या वाटेने येतात, वारा फिरला की ती वाट कशी सरकते, हे कळेपर्यंत बंदुकीला हात लावू नये, हा त्यांचा आग्रह. निसर्गावर लिहिणारे आपले कितीतरी लेखक ‘पाखरांचा थवा उडाला’ एवढे लिहून मोकळे होतात. थवा कोठून उडाला, कोठे बसला, आणि तेथेच का बसला, हे ज्याच्या पोटाशी निगडित आहे तोच सांगू शकतो. आदिकाव्याच्या कथेत क्रौंच पडतो, ऋषीचा शोक श्लोक होतो, आणि निषादाला शापापलीकडे काही मिळत नाही. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची होती की नाही, हे कोणी विचारले नाही. कोट्स यांचे पुस्तक वाचताना मला वाटले, निषादाने अखेर आपली बाजू लिहिली.

पण बाजू लिहिली म्हणजे तिची उलटतपासणीही आली. शेतकऱ्याचे धान्य वाचवायचे म्हणून आम्ही मारतो, हे या पंथाचे मुख्य समर्थन. वाटाणा उगवत असताना, थंडीत कोबीच्या जातीच्या पिकांवर थवे पडत असताना ते पुष्कळच खरे आहे. एका दिवसात वाफे ओरबाडले जातात. मात्र कापणी झालेल्या शेतात कबुतर काय खाते? गाडी घरी गेली, कणगी भरली, आणि मागे जे सांडले ते. आपल्याकडे त्याला सरवा म्हणतात. सरवा ज्याने वेचला त्याचा, ही गावोगावची जुनी समजूत. इंग्लंडातही गरीब बायकामुले तो वेचीत. तेथे १७८८ साली न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने असा हक्क कोणाला नाही, तरी वेचणे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. धसकटांतले कबुतर हे त्या वेचणाऱ्यांपैकीच एक आहे. त्याला चोर म्हणायचे तर चोरीचा माल दाखवावा लागेल. शेजारच्या शेतात उभे पीक आहे, आज येथे मारले तर उद्या तेथे कमी उतरतील, हे उत्तर मला ठाऊक आहे. ते कधी खरे असेल, कधी सोयीचे.

कोट्स यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९६५ साली, याच पाखरावर दुसरे पुस्तक आले. ‘द वुड पिजन’, लेखक आर. के. मर्टन. हे सरकारी शेतकी खात्याचे शास्त्रज्ञ. केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावाच्या शेतांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कबुतरे मोजली. हिवाळ्यात किती कबुतरे जगायची हे बंदूक ठरवीत नाही, क्लोव्हरचा पाला ठरवतो, असे त्यांना आढळले. जी थंडीत उपासाने मरायचीच, त्यांतलीच बंदुकीने मरत. उरलेल्यांच्या वाट्याला तेवढा पाला जास्त येई आणि वसंतात हिशेब जवळजवळ होता तेथेच. सरकार तोवर कबुतरांवरच्या काडतुसांना सवलत देत असे. ती त्याच दशकात बंद झाली. पुस्तक म्हणून मर्टन रुक्ष आहेत, तक्ते फार. पण एका तक्त्यापाशी वाचक थबकतो. रानकबुतराची वीण सर्वांत सफल होते ती ऑगस्ट-सप्टेंबरात, कारण पिलांना वाढवायला दाणा तेव्हाच मुबलक. कबुतराचे नर आणि मादी दोघेही पिलांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दूध पाजतात. म्हणजे धसकटांवर बार होतात त्या दिवसांत पडणाऱ्या पाखराच्या गळ्यात पुष्कळदा दुसऱ्याचे जेवण असते.

या दोन पुस्तकांशेजारी मी तिसरे ठेवतो. टॉमस हार्डी यांची १८९५ सालची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ ही कादंबरी. तिच्या आरंभीच पोरका ज्यूड एका शेतकऱ्याच्या पेरलेल्या रानात पाखरे हाकायला उभा असतो. दिवसाची मजुरी सहा पेन्स, हातात खुळखुळा. पाखरे रूक जातीच्या कावळ्यांची. आपल्या माळ्यावर गोफण घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांना, आणि गाथासप्तशतीतल्या शेत राखणाऱ्या मुलींना हा प्रसंग अगदी घरचा वाटेल. ज्यूडला पाखरांची दया येते, तो खुळखुळा वाजवायचा थांबतो, त्यांना पोटभर खाऊ देतो; आणि शेतकरी येऊन त्याच खुळखुळ्याने त्याला बडवतो. त्या माराचा आवाज गावच्या नव्या देवळाच्या मनोऱ्यापर्यंत जातो, आणि त्या देवळाला या गृहस्थाने वर्गणी दिलेली असते! याच रानात पूर्वी सरवा वेचणाऱ्यांची टोळकी उन्हात बसत, कापणीच्या दिवसांत सोयरिकी जुळत, याची आठवण हार्डी तेथेच देतात. कोट्स यांना शेतात पाखरू दिसते, मर्टन यांना संख्या. शेताला मालक आहे आणि मजूरही आहे, हे मात्र हार्डींना दिसते. कादंबरीकार येथे दोघांच्या पुढे जातो, आणि ते दयेमुळे नव्हे. नुसती दया लिहिणारे पुष्कळ असतात; त्या दयेची मजुरी किती कापली जाते, हे लिहिणारे थोडे.

अलीकडे हा वाद पुस्तकांतून कचेरीत गेला. इंग्लंडमध्ये ही कबुतरे सर्वसाधारण परवान्याखाली मारता येतात, आणि त्याचे एक मुख्य कारण पिकांचे गंभीर नुकसान टाळणे हे. करमणूक त्यात बसत नाही. २०१९ साली एका निसर्गप्रेमी संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर जुने परवाने रद्द झाले आणि पाठोपाठ अटी बदलून नवे निघाले. लपणात बसणाऱ्याला आता आपण येथे का बसलो आहोत याचे उत्तर तयार ठेवावे लागते. एवढ्या सगळ्यानंतरही ब्रिटनमध्ये या पाखराच्या ५० लाखांच्या आसपास जोड्या आहेत, तेव्हा ते नाहीसे होईल अशी धास्ती कोणी घेऊ नये.

हार्डींच्या पानावर पाखरू कसे उतरते ते नाही. पंख वर करून, शेपूट पसरून, वाऱ्याच्या पोटात क्षणभर अडकलेले कबुतर पाहायचे तर कोट्स यांच्याकडेच जावे लागेल. बार होण्याच्या आधीची पाने त्यांनी लिहिली आहेत ती दोनदा वाचण्यासारखी आहेत. आकड्यांची पाने ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी वाचावीत.