योजना फसली, की तुलना फसली?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "तुमचा कंट्रोल ग्रुप कोणता?" आपण प्रयोगशाळेतली माणसं, त्यामुळे उत्तर तोंडपाठ असतं. पण प्रयोग माणसांवर असेल आणि तो आपण केलेलाच नसेल, तर? आज अमेरिकेतल्या एका सरकारी योजनेवरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचू. विषय अर्थशास्त्राचा आहे, पण धडा आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

आधी योजना समजून घ्या. नाव ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, थोडक्यात टीएए. सुरुवात 1962 ची. कल्पना सोपी : आयातीमुळे किंवा उत्पादन परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांना सरकारने नवं कौशल्य शिकवावं आणि शिकताना घर चालेल एवढा भत्ता द्यावा. पण सुरुवातीच्या अटी इतक्या कडक होत्या की 1969 पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. 1974 च्या कायद्याने त्या सैल केल्या. अर्ज एकेकट्याने करायचा नसे. एका कारखान्यातले किमान तीन कामगार, त्यांची युनियन, मालक किंवा राज्याचं कार्यालय अर्ज करायचं आणि कामगार खात्याचा तपास अधिकारी निर्णय द्यायचा. हा अधिकारी लक्षात ठेवा, पुढे तोच हिरो आहे.

2012 मध्ये कामगार खात्याने करवून घेतलेलं एक मोठं मूल्यमापन आलं. पद्धत अशी : टीएए घेतलेले कामगार एका बाजूला आणि त्याच भागातले, नेहमीचा बेकारी भत्ता घेणारे, वय-शिक्षण-आधीचा पगार जुळणारे कामगार दुसऱ्या बाजूला. चार वर्षांनंतर पाहिलं, तर टीएएवाले कमी कमावत होते. खर्च-लाभाचा हिशेबही तोट्यातच निघाला. योजना संपली पाहिजे म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळाला.

आता थांबा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला कोणीही विचारेल : फवारणी कुठल्या शेतात केली? रोग पडलेल्या शेतातच ना? मग फवारलेल्या शेताचं उत्पन्न न फवारलेल्यापेक्षा कमी आलं, म्हणून औषध वाईट म्हणायचं का?

वय जुळवलं, शिक्षण जुळवलं, पण एक गोष्ट जुळवणं फार अवघड आहे. टीएए मिळणाऱ्याचा आख्खा धंदाच देशाबाहेर चाललेला असतो. वीस वर्षं माग चालवून मिळवलेल्या हातोटीला आता गिऱ्हाईक नाही. बेकारी भत्त्यावरचा शेजारी मात्र त्याच कामाच्या दुसऱ्या कारखान्यात लागू शकतो. कागदावर दोघं सारखे दिसतात, पण त्यांच्यापुढचा रस्ता सारखा नाही. शिवाय अभ्यासाची चार वर्षं 2008 च्या मंदीत सापडली. टीएएवाले वर्गात बसले, तोवर बाहेरच्या नोकऱ्या आटल्या. अभ्यासकांनी काम प्रामाणिकपणे केलं आहे, हेही सांगतो. हाती असलेल्या माहितीतून जेवढं जुळवता येतं तेवढं त्यांनी जुळवलं. पण न दिसणारं जुळवता येत नाही.

2018 मध्ये बेंजामिन हायमन यांनी हीच गाठ वेगळ्या बाजूने सोडवली. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे जाईल, हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. काही अधिकारी सढळ, काही कडक. म्हणजे सारख्याच दोन कारखान्यांपैकी एकाला मदत मिळायची, दुसऱ्याला नाही, आणि कारण फक्त अधिकारी. ही झाली खरी तुलना! निष्कर्ष उलटा निघाला : मदत मिळालेल्यांनी दहा वर्षांत एकूण सुमारे 50,000 डॉलर जास्त कमावले. मात्र दहाव्या वर्षापर्यंत दोन्ही गटांचा वार्षिक पगार पुन्हा सारखा झाला. शिकलेलं कौशल्यही जुनं होतं.

आवडता पेपर असला तरी टीका करायची सवय ठेवा. माझे दोन आक्षेप.

पहिला : हा परिणाम काठावरच्या अर्जांचा आहे. जो अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याने मंजूर केलाच असता, त्या कारखान्याबद्दल ही पद्धत काही सांगत नाही. आणि जिथे नुकसान सर्वांत उघड, ते नेमके हेच कारखाने. दुसरा : शीर्षकात प्रश्न पुन्हा प्रशिक्षणाचा आहे, पण अधिकाऱ्याच्या सहीने प्रशिक्षण, भत्ता, नोकरी शोधायचा आणि गाव बदलायचा खर्च असं पूर्ण गाठोडं मिळायचं. फायदा वर्गात बसल्याने झाला, की घाईत मिळेल ती नोकरी धरावी लागली नाही म्हणून झाला? लेखक हे वेगळं करायचा प्रयत्न करतात, पण चिठ्ठी गाठोड्यावर पडली आहे, आतल्या प्रत्येक वस्तूवर नाही.

गाठोड्यातली एक वस्तू मात्र वेगळी तपासता आली. 50 वर्षांवरच्या कामगाराने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग सरकार दोन वर्षं भरून द्यायचं, ठरावीक मर्यादेपर्यंत. हायमन, ब्रायन कोव्हाक आणि ॲडम लीव्ह यांनी पन्नाशीच्या जरा अलीकडचे आणि जरा पलीकडचे कामगार ताडून पाहिले. पलीकडचे लवकर कामाला लागले आणि त्यांची एकूण कमाईही वाढली. वयाची रेघ कामगाराने आखलेली नसते, म्हणून ही तुलना पटते.

आणि शेवट? 1 जुलै 2022 पासून टीएएमध्ये नवे अर्ज मंजूर होणं बंद झालं. अमेरिकी काँग्रेसने मुदत वाढवली नाही. एका पेपरमुळे योजना बंद पडत नाही, त्यामागे राजकारण असतं. पण "ही चालत नाही असं सिद्ध झालंय" हे वाक्य ज्या तुलनेवर उभं होतं, ती किती कच्ची होती ते तुम्ही आत्ता पाहिलंत. त्यानंतर गेट बंद झालेल्या कारखान्यातल्या माणसाला हा वाद वाचायला वेळ नाही. त्याच्या वाट्याला फक्त निकाल येतो.

म्हणून कुठलाही मूल्यमापनाचा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी तीन गोष्टी वहीत लिहा : मदत कोणाला मिळाली आणि का? ज्यांना मिळाली नाही, ते खरंच त्यांच्यासारखे होते का? मोजमाप कधी थांबवलं? चौथ्या वर्षी थांबलो तर एक उत्तर, दहाव्या वर्षी दुसरं.

वाचनालयातून एखादा पेपर काढा आणि करून बघा. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. मीही अडखळलो होतो.