एकटीचे गाणे आणि चौघींचे

"अहो, यंदा दिवाळी अंकाला काय देताहात?" असे आमच्या मंडळींनी विचारले आणि मी "कोरियातल्या चार मुलींच्या गाण्यांवर लिहितो आहे" असे सांगितले, तेव्हा चकल्या तळता तळता त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर वाचकांच्या डोळ्यांतही मला दिसते आहे. पण माझा इलाज नाही. मी मास्तर माणूस. मधल्या सुट्टीत पोरे जे ओरडतात ते माझ्या कानांवर पडायचेच.

2024 च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि सहावीच्या वर्गात "आपातु, आपातु" असा गजर सुरू झाला. मला वाटले, आपडी-थापडीचा काही नवा प्रकार असावा. चौकशी केली तेव्हा कळले की माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. 'ब्लॅकपिंक' या चौघींच्या संचातल्या रोझेने ब्रूनो मार्स या अमेरिकन गायकाबरोबर केलेले हे गाणे 18 ऑक्टोबर 2024 ला निघाले, आणि त्याच्या मुळाशी हातांचा एक खेळच आहे. सगळ्यांनी तळहात एकावर एक रचायचे, कुणी एकाने आकडा सांगायचा, मग खालचा हात काढून वर ठेवीत मजले मोजायचे. सांगितलेल्या मजल्यावर ज्याचा हात येईल त्याच्यावर राज्य. 'आपातु' म्हणजे अपार्टमेंट. ज्या देशात निम्म्याहून अधिक कुटुंबे असल्या उंच इमारतींत राहतात, तिथे आपडी-थापडीलाही मजले फुटावेत यात नवल नाही. (राज्य आलेल्याने तिथे मद्याचा पेला रिकामा करायचा असतो. ही गोष्ट मी वर्गात सांगितलेली नाही, आणि पालकांनीही सांगू नये.)

गाणे तसे फार थोर नाही. त्यातल्या आरोळीचा ताल टोनी बेझिलच्या 1982 साली गाजलेल्या 'मिकी'वरून घेतला आहे, आणि त्या गाण्याच्या कर्त्यांची नावे श्रेयात प्रामाणिकपणे दिली आहेत. तरी ते मला आवडले. रोझेचा आवाज बारीक, किंचित घोगरा, वरच्या सुरात जाताना जरा चिरकणारा. न्यूझीलंडात जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली ही मुलगी आपल्या आईबापांच्या देशातला एक पोरकट खेळ घेऊन येते आणि परक्या पाहुण्याला म्हणते, ये, तूही हात ठेव. तो ठेवतो. पेले भिडवतानाचा कोरियन शब्दही म्हणतो. एकटीच्या नावावरचे हे गाणे, पण त्यात चारचौघे बसले आहेत असे वाटते.

आता चौघींचे गाणे. 'जंप' 11 जुलै 2025 ला आले; त्याआधी आठवडाभर गोयांगच्या क्रीडांगणावर त्यांनी ते हजारोंपुढे गाऊन दाखवले होते. 2023 नंतरचे संचाचे हे पहिलेच गाणे. आरंभी जुन्या काउबॉय चित्रपटांतल्यासारखी गिटार वाजते आणि मन उत्सुक होते. मग यंत्रांचा जो दणदणाट सुरू होतो, त्यात जिसूचा जाड, शांत आवाज, जेनीचा तोरा, लिसाच्या शब्दांची धार, रोझेचा तो चिरका सूर, सारे आपापल्या पाळीला येतात आणि वाहून जातात. ऐन भरात, जिथे चौघींनी मिळून गायचे, तिथे मुख्य काम यंत्रच करते.

भाऊ विभक्त होतात, आणि दिवाळीला वडिलांच्या घरी जमतात. 2023 च्या अखेरीस चौघींनी संच म्हणून वाय. जी. या जुन्याच कंपनीशी करार केला आणि स्वतंत्र कामासाठी चार चुली मांडल्या. यात गैर काही नाही. पण अशा घरी दिवाळीला फटाके मोठे वाजतात, ते पुष्कळदा बोलण्यासारखे काही उरलेले नसते म्हणून. 'जंप' ऐकताना मला तसल्या अंगणाची आठवण झाली.

नववीतली एक विद्यार्थिनी माझ्याशी भांडली. "सर, हे गाणं बसून ऐकायचं नाहीच मुळी, गर्दीत उड्या मारायला आहे." आक्षेप खरा आहे, आणि दोन्ही गाणी बिलबोर्डच्या जागतिक यादीत पहिल्या क्रमांकावर गेली असल्याने माझ्या मतावाचून कुणाचे अडलेलेही नाही. पण आमच्या देवळातले भजनही गर्दीचेच असते. तिथे बुवा एक चरण घेतात, टाळकरी तो उचलतात, आणि मागल्या खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्याचा सूर त्या गदारोळातही ओळखू येतो. गर्दीची सबब मला पुरेशी वाटत नाही. या चौघींना ही कला येत नाही असेही नाही. 8 ऑगस्ट 2016 ला पदार्पण करताना त्यांनी 'व्हिसल' दिले होते. त्यात एक शीळ आणि थोडा ठेका. बाकी जागा मोकळी. कोण गाते आहे ते डोळे मिटून सांगता येते.

हे सगळे मी मोठ्या ऐटीत लिहीत होतो, आणि मध्येच लेखणी अडखळली. शाळेत समूहगीत मीच बसवतो. मागल्या रांगेत एक मुलगी आहे, घोगऱ्या आवाजाची. बक्षिसाच्या आशेने मी तिला दोन वर्षे "तू नुसते ओठ हलव" असे सांगत आलो आहे. ती बिचारी हलवते. पेटीचा आवाज मी मुद्दाम वाढवून घेतो, म्हणजे काही कमीजास्त झाले तरी खपून जाते. परीक्षकांनी आमच्या 'एकजीव' आवाजाची तारीफ केली होती, ते प्रशस्तिपत्र अजून कपाटात आहे.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी तिला बोलावून म्हटले, संमेलनात पहिले कडवे तू एकटीने म्हणायचे. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "सर, पण पेटी हळू वाजवायला सांगाल ना?"

पेटीवाल्या गुरुजींशी अजून बोलायचे आहे. ते जरा तापट आहेत.