संगणकीय प्रतिमानातील साधे व गुंतागुंतीचे स्केच : अंबरनाथच्या शिवालयाच्या आधारे एक चिकित्सा

संगणकसाहाय्यित आरेखनाच्या अध्यापनात ‘स्केच शक्यतो साधे ठेवावे’ हा नियम वारंवार सांगितला जातो. नियम निराधार नाही. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये ‘स्केचपॅड’द्वारे रेषांवर भौमितिक बंधने घालण्याची सोय केली. आजच्या प्रणालींतही एक मिती बदलली की तिच्याशी बांधलेल्या साऱ्या रेषांची मांडणी संगणक नव्याने सोडवितो. चाळीस रेषा एकाच स्केचमध्ये कोंबल्यास दोष नेमका कोठे आहे, हे उमगत नाही.

तथापि वस्तूची घडण न पाहता लावलेला नियम फसतो. बुवापाडा-अंबरनाथ परिसरातील विद्यार्थ्याच्या हाताशी असलेले शके 982, म्हणजे इ.स. 1060 चे शिलाहारकालीन शिवालय या दृष्टीने उद्बोधक आहे. ते भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चार बाजूंना लता वर जातात आणि त्यांच्या मधल्या भागांत एकाच घडणीच्या लघुशिखरांच्या ओळी लहान होत चढतात. अंबरनाथचे शिखर आज पूर्ण स्वरूपात उभे नाही. साहजिकच त्याचे प्रतिमान अनुमानावर आधारलेले असणार, आणि अनुमान बदलत राहणार. येथे एका लघुशिखराचे साधे स्केच करून त्याची प्रमाणबद्ध पुनरावृत्ती करणेच इष्ट. संपूर्ण शिखर एका स्केचमध्ये गोवणारा पहिल्याच दुरुस्तीला अडतो.

पायथ्याच्या थरांची गोष्ट निराळी. एकूण उंची कायम राखायची तर एक थर वाढविताच दुसरा घटवावा लागतो. हे परस्परावलंबन एका सलग छेदरेषेत, म्हणजे गुंतागुंतीच्या स्केचमध्येच, नीट दिसते. त्याचे दहा स्केच केले की नाते दहा ठिकाणी विखुरते. शिवाय पुढचे फीचर मागच्याच्या कडेवर टेकविले असेल, तर ती कड बदलताच संदर्भ तुटण्याचा धोका असतो. फ्रीकॅडच्या 2024 मधील 1.0 आवृत्तीत या दोषावर बराच उपाय झाला. तो समूळ गेला, असे मात्र नव्हे.

तेव्हा निकष रेषांच्या संख्येचा नसून मितींच्या नात्याचा आहे. जे एकत्र बदलते ते एकत्र असावे. कडांची गोलाई, छिद्रे यांसारखे तपशील मात्र स्केचबाहेरच बरे. यंत्रभागांच्या लहान कारखान्यात प्रतिमान एकाने घडवायचे आणि फेरबदल दुसऱ्याने करायचे, असे घडते. तेथे चुकीच्या निवडीची किंमत संपूर्ण पुनर्रेखनाने मोजावी लागते. परीक्षेत केवळ पडद्यावरील अंतिम आकाराला गुण दिल्यास ही उणीव झाकली जाते. परीक्षकाने एखादी मिती बदलून पाहिली, तर ती अर्ध्या मिनिटात उघडी पडेल.